उकळत्या पाण्यात ७२ तास

मासिकांतून परीक्षणे येतात ती पुस्तकांची, क्वचित एखाद्या प्रदर्शनाची किंवा वैज्ञानिक खेळण्याची. या वेळी आम्ही परीक्षणासाठी जे वाङ्मय घेत आहोत ते कोणी विकत घेत नाही. ते फुकट मिळते, गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेले असते आणि घराचे काम संपले की रद्दीत जाते. स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या कपाटांची दारे, म्हणजे सुतारांच्या भाषेत शटर, कशाची करावीत हे सांगणारी ही माहितीपत्रके. त्यांच्या जोडीला दुकानाच्या भिंतीवर टांगलेले तळहाताएवढे नमुन्यांचे तुकडेही आम्ही परीक्षणात धरले आहेत, कारण गिऱ्हाईक निर्णय घेते ते बहुधा माहितीपत्रक हातात धरून आणि नमुन्यावरून बोट फिरवून.

विषय क्षुल्लक वाटेल. तसा तो नाही. शाळा संपल्यानंतर प्रौढ माणूस बहुवारिके, आर्द्रता, उष्णतेचा परिणाम, कीटकनाशके अशा गोष्टींबद्दल स्वतःहून काही वाचतो तो प्रसंग आयुष्यात एकदा-दोनदाच येतो आणि तो बहुधा घर बांधताना किंवा दुरुस्त करताना. त्या वेळी भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम हातात असते आणि ती पुन्हा उभी राहणार नसते. दोन-तीन पावसाळ्यांत दारे फुगली, कडा सुटल्या, बिजागरीचे स्क्रू निखळले की दोष येतो सुतारावर. सुताराचा दोष कधी असतो, कधी नसतो. पण त्याच्या हाती जे दिले ते निवडले कोणी, आणि कशाच्या आधारे, हे कोणी विचारत नाही.

माहितीपत्रकांत हटकून भेटणारा शब्द म्हणजे ‘वॉटरप्रूफ’. त्याच्या शेजारी ‘मरीन’ आणि ‘बीडब्ल्यूपी’ ही बिरुदे असतात आणि त्यांच्या पाठीशी एक खरीखुरी प्रमाणित चाचणी असते. भारतीय मानक आय.एस. ७१० हे मरीन प्लायवुडचे मानक. त्यात नमुन्याचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग थर सुटतात का हे पाहण्याची तरतूद आहे. तीन दिवस आणि तीन रात्री उकळूनही जे सुटत नाही ते आपल्या सिंकच्या शिंतोड्यांना काय दाद देणार, असे वाचणाऱ्याला वाटते. माहितीपत्रक तसे स्पष्ट म्हणत नाही, पण तसे वाटू देते. आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे.

ही चाचणी सरसाची आहे. लाकडाची नाही आणि दाराची तर मुळीच नाही. प्लायवुड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची चळत. एका पापुद्र्याचे तंतू उभे, तर त्यावरच्याचे आडवे, अशी ती रचलेली असते आणि प्रत्येक दोन पापुद्र्यांमध्ये सरसाचा थर असतो. उकळल्यावर हे थर एकमेकांना धरून राहतात का, एवढेच त्या ७२ तासांनी कळते. त्या काळात लाकूड पाणी पिते, फुगते, जड होते आणि तरीही नमुना उत्तीर्ण होऊ शकतो. मानकात त्याखेरीज बुरशी व कीड यांच्यापासून संरक्षणाची प्रक्रिया वगैरे इतर अपेक्षाही आहेत. मानक आपल्या जागी चोख आहे. मानकाने सरसाबद्दल जे म्हटले ते माहितीपत्रक दाराबद्दल म्हणते, हे मात्र चोख नाही.

सरसासरसांत फरक काय, हे शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बाजारात ज्याला ‘कमर्शियल’ किंवा ‘एमआर’ म्हणतात त्या प्लायमध्ये बहुधा युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून केलेली राळ असते. उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची. दोन्ही राळी उष्णतेने एकदा घट्ट झाल्या की पुन्हा वितळत नाहीत. तरी पाण्यापुढे त्यांची वागणूक वेगळी, कारण साखळ्या जोडणारे दुवे वेगळे. युरियाच्या राळेत फॉर्माल्डिहाइडमधून आलेला कार्बन दोन नायट्रोजन अणूंच्या मध्ये पुलासारखा बसलेला असतो. पाणी, ऊब आणि राळ घट्ट करताना वापरलेल्या आम्लाचा उरलेला अंश हे तिघे एकत्र आले की हा पूल हळूहळू तुटू लागतो आणि ज्या अभिक्रियेने राळ तयार झाली तीच उलटी चालू होते. फेनॉलच्या राळेत कार्बनचा पूल कार्बनलाच जोडलेला असतो आणि पाण्याला तो सहजासहजी तोडता येत नाही. ‘एमआर’ची अक्षरे ओलाव्याला तोंड देण्यापुरती आहेत. आय.एस. ३०३ या सामान्य प्लायवुडच्या मानकात या प्रतीची परीक्षा उकळत्या नव्हे, तर सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात होते. दोन अक्षरांमागे एवढा फरक लपलेला आहे आणि माहितीपत्रकात तो एका ओळीतही सांगितलेला नसतो.

फेनॉलच्या सरसाचा रंग गडद तपकिरी, युरियाचा फिका. म्हणून प्लायच्या कडेला गडद रेघा दिसल्या की माल अस्सल, असे काही जाणकार सांगतात. हा ठोकताळा आम्हाला पटत नाही. सरसात रंग मिसळणे काही अवघड नाही. त्यापेक्षा तक्त्यावर उमटवलेले आयएसआय चिन्ह आणि ‘सीएम/एल’पुढचा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घालून पडताळता येतो. चिन्ह सगळेच पाहतात. क्रमांक पडताळणारे फार थोडे.

समजा, प्लाय अस्सल आहे. ती दुकानातून घरी येते तेव्हा ती दार नसते. सुतार तिचा तुकडा कापतो, त्यावर सनमायका चिकटवतो, कडांना पट्टी लावतो, बिजागरीसाठी पाठीमागे ३५ मिलिमीटर व्यासाचे गोल भोक पाडतो. यातले प्रत्येक काम ७२ तासांच्या चाचणीनंतरचे आहे. सनमायका चिकटवायला जो पांढरा, दुधासारखा दिसणारा सरस बहुतेक ठिकाणी वापरतात तो पॉलीव्हिनाइल ॲसिटेटचा असतो. त्याचा साधा प्रकार सुकल्यावर मजबूत होतो, पण पाण्यात राहिला तर पुन्हा मऊ पडतो. पाण्याला अधिक दाद न देणारे प्रकार मिळतात. ते मागावे लागतात. म्हणजे उकळत्या पाण्यात तीन दिवस टिकणाऱ्या फळीवर थंड पाण्यात मऊ पडणाऱ्या सरसाने आपण पांघरूण घालतो आणि वर त्या दाराला वॉटरप्रूफ म्हणतो. माहितीपत्रकात या दुसऱ्या सरसाचा उल्लेख आम्हाला अद्याप कुठे आढळलेला नाही.

आता कडा. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या सूक्ष्म नळ्यांची जुडी. पाणी त्या नळ्यांच्या तोंडांतून जितक्या वेगाने आत शिरते तितक्या वेगाने त्यांच्या बाजूंतून शिरत नाही. प्लायच्या कापलेल्या प्रत्येक कडेला निम्म्या पापुद्र्यांची तोंडे उघडी असतात. दाराचा दर्शनी भाग सनमायकाने बंद केलेला असतो, त्यावर पाणी पडले तर ओघळून जाते. ओघळून जाते कुठे? खालच्या कडेकडे. तिथे थेंब लोंबतो आणि केशाकर्षणाने वर चढतो. आपल्याकडे ओटा नुसता पुसत नाहीत, बरेचदा धुतात. ओल्या फडक्याने दारेही पुसतात. म्हणून खालची कड हीच दाराची खरी परीक्षा. आणि नेमकी तीच कड उभ्या माणसाला दिसत नाही, म्हणून तिला पट्टी लावण्याची किंवा निदान रंगाचा हात देण्याची तसदी सर्वांत कमी घेतली जाते. नमुन्याच्या तुकड्याला तर अशी कडच नसते. तो कापलेला असतो खरा, पण त्याकडे आपण नेहमी समोरून पाहतो.

पाठीचा प्रश्न कडेहून रंजक आहे. पुष्कळदा खर्च वाचवण्यासाठी दाराला पुढून एक मिलिमीटर जाडीचा सनमायका लावतात आणि मागची बाजू नुसती रंगवतात, किंवा पातळ कागदासारखा पत्रा लावून सोडून देतात. पुढची बाजू हवेतील ओलाव्याला जवळजवळ बंद, मागची जवळजवळ उघडी. पावसाळा आला की फळीचा मागचा भाग ओलावा घेऊन फुगतो, पुढचा फुगत नाही आणि दार पुढच्या बाजूला वाकते, उन्हाळ्यात उलटे. शिक्षकांना हे सांगण्यासाठी वेगळे उपकरण नको. पुठ्ठ्याच्या एका बाजूला खळ लावून कागद चिकटवा आणि सुकू द्या, पुठ्ठा वाकतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद लावला की सरळ राहतो. वह्या-पुस्तके बांधणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दाराच्या दोन्ही अंगांना सारख्या प्रकारचे, सारख्या जाडीच्या जवळपासचे आवरण हवे, हा नियम त्याच पुठ्ठ्याचा. दार वाकले की ‘माल खराब निघाला’ म्हणतात. कित्येकदा माल उत्तम असतो, त्याला एकाच बाजूने कपडे घातलेले असतात इतकेच.

जुन्या घरांतील भिंतीतल्या फडताळांची सागवानी दारे आठवून पाहा. त्यांना ना सनमायका, ना फेनॉलचा सरस, आणि त्यांतली कित्येक शतकभर उघडझाप सोसत उभी आहेत. याचे सारे श्रेय आपण सागाला देऊन मोकळे होतो. सागाला ते काही अंशी पोचतेही. त्यातील तेलकट द्रव्ये आणि क्विनोन वर्गातील रसायने वाळवीला व बुरशीला मानवत नाहीत, आणि ओलाव्याने होणारी त्याची हालचाल इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ओल्या सागाची फळी पूर्ण वाळेपर्यंत वाढचक्रांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आखडते आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. लांबीत मात्र नगण्य. हे आखडणे लाकडातील ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर सुरू होते. आता वर्गात हिशेब करता येईल. ४५ सेंटिमीटर रुंदीची अखंड सागाची फळी घ्या. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत तिच्यात ८ टक्के ओलावा आहे आणि जुलैत तो १६ टक्क्यांवर गेला असे धरा. तीसपैकी आठ अंश, म्हणजे ५.८ टक्क्यांचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग, सुमारे दीड टक्का. ४५ सेंटिमीटरचा दीड टक्का म्हणजे जवळजवळ ७ मिलिमीटर! एवढी फळी चौकटीत घट्ट ठोकून बसवली तर ती तरी तडकेल किंवा चौकट तरी फोडेल. जुन्या सुताराने काय केले? दाराची चौकट अरुंद पट्ट्यांची केली, तिच्या आतल्या अंगाला खोबणी पाडली आणि मधली रुंद फळी त्या खोबणीत सैल ठेवली. ना खिळा, ना सरस. फळी पावसाळ्यात रुंदावते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दाराचे माप तसेच राहते. लाकडाला त्याने वॉटरप्रूफ केले नाही. त्याला हलायला जागा दिली. टिकाऊपणा द्रव्यात जितका असतो तितकाच रचनेत असतो, हे दाखवणारे इतके चांगले उदाहरण विज्ञानाच्या पुस्तकांनी का सोडून दिले कोण जाणे.

आज सागाची अखंड दारे करणे बहुतेकांच्या आवाक्यात नाही. प्लायवुडचे लाकूडही बदलले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनांतील तोडीसंबंधी जो आदेश दिला त्यानंतर ईशान्य भारतातील जंगलांच्या लाकडावर चालणाऱ्या प्लायवुड गिरण्यांचे दिवस संपत गेले, आणि हरियाणात यमुनानगरच्या बाजूला शेताच्या बांधावरील पॉप्लर व निलगिरी, केरळात पेरुंबावूरला रबराचे लाकूड, असा हा धंदा लागवडीच्या लाकडाकडे वळला. जंगलाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण पॉप्लर हे हलके, मऊ लाकूड; त्याच्यात सागाची तेले नाहीत. वाळवीपासून त्याचे रक्षण होते ते केवळ कारखान्यात मुरवलेल्या रसायनांनी. तेव्हा ‘अस्सल लाकडाची ताकद’ असले वाक्य माहितीपत्रकात वाचले की विचारावे, कोणते लाकूड?

प्लायहून स्वस्त म्हणून पार्टिकल बोर्ड, आणि गुळगुळीत म्हणून एमडीएफ. भुसा, चिपा किंवा तंतू राळेत मिसळून दाबून केलेल्या या फळ्या. कोरड्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाला त्या वाईट नाहीत. स्वयंपाकघरात त्यांच्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, फुगण्याची. दाबाखाली चेपलेल्या चिपा राळेने जखडून ठेवलेल्या असतात. पाणी लागले की त्या सुटतात आणि आपल्या मूळ जाडीकडे परततात. नंतर फळी वाळली तरी त्या पुन्हा चेपल्या जात नाहीत. हे विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगे आहे. सुताराकडून प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांचे टाकाऊ तुकडे आणावेत. प्रत्येकाच्या दोन सारख्या पट्ट्या करून एकीच्या सर्व कडांना तेलरंगाचे दोन हात द्यावेत, दुसरीच्या कडा उघड्या ठेवाव्यात. तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा करून व्हर्नियरने जाडी मोजावी. २४ तास पाण्यात, मग पुन्हा मोजणी. १८ मिलिमीटरची पट्टी २० झाली तर वाढ ११ टक्के. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, ती गाळू नये. पट्ट्या सावलीत आठवडाभर वाळवून तिसऱ्यांदा मोजाव्यात. प्लाय जवळजवळ जागेवर आलेली दिसेल; पार्टिकल बोर्ड येणार नाही.

दुसरी गोष्ट वासाची. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबते, घसा खवखवतो, आणि ‘नव्याचा वास आहे, जाईल’ असे आपण म्हणतो. तो मुख्यतः फॉर्माल्डिहाइड असतो. थोडा भाग अभिक्रियेतून उरलेला आणि बाकीचा वर सांगितलेल्या उलट अभिक्रियेतून पुढे कित्येक महिने सुटत राहणारा. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो. स्वयंपाकघरात दोन्ही असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. यावरून घाबरून कपाटे काढून टाकण्याचे कारण नाही. पण ‘ई-१’ अशी खूण असलेली फळी मागणे, आणि कडा व भोके उघडी न ठेवणे एवढे करता येते. लक्षात घेण्याची गोष्ट ही की जी उघडी कड पाणी आत घेते तीच कड वायू बाहेर सोडते. माहितीपत्रकात या बाबतीत मौन असते किंवा हिरव्या पानाचे चित्र.

आता दर्शनी थर. यावर मात्र माहितीपत्रके पानेच्या पाने लिहितात आणि तरी मुख्य मुद्दा गाळतात. १९१३ साली अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर यांनी विद्युत उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरता यावा म्हणून राळेत भिजवलेल्या थरांचा विद्युतरोधक पत्रा काढला आणि त्याला ‘फॉर्मायका’ म्हटले, म्हणजे अभ्रकाच्या बदली. आपल्याकडचे ‘सनमायका’ हे त्याच वळणाचे व्यापारी नाव पुढे सामान्यनाम झाले. अभ्रकाचा त्यात कणही नसतो. फेनॉलच्या राळेत बुडवलेले जाड तपकिरी कागद, वर मेलामाइनच्या राळेत बुडवलेला रंगीत कागद, आणि या सर्वांवर प्रचंड दाब व उष्णता. राळ एकदा घट्ट झाली की झाली. शालेय पुस्तकांत थर्मोसेटिंग प्लास्टिकची उदाहरणे म्हणून बॅकेलाइटची बटणे आणि मेलामाइनच्या ताटल्या देतात. दोन्ही राळी एकत्र, एकावर एक, विद्यार्थ्याच्या घरातील दारावर असतात हे कोणी सांगत नाही.

याच्या शेजारच्या पानावर असते ‘मेम्ब्रेन’ शटर. एमडीएफवर नक्षी कोरून त्यावर पीव्हीसीचा पातळ पडदा गरम करून ओढून बसवलेला. दिसायला देखणे, सांधा कुठेही नाही. पण हा पडदा थर्मोप्लास्टिक. गरम करून ओढला तसा पुन्हा गरम झाला की मऊ होतो आणि ओढण्याआधीच्या सपाट आकाराकडे परतू पाहतो. ७०-८० अंशांच्या आसपास पीव्हीसीची ताठरता संपते. शेगडीच्या बाजूच्या दाराला, भट्टीच्या शेजारच्या कडेला ते तापमान गाठणे अशक्य नाही. म्हणून असे पडदे सुटतात ते आधी तिथेच. अ‍ॅक्रिलिकही थर्मोप्लास्टिक, चकाकी अप्रतिम, पण घासणीचा ओरखडा सहज उठतो. दोन भाग मिसळून फवारलेला पॉलियुरेथेनचा रंग मात्र घट्ट जाळ्याचा असतो आणि चांगल्या हातांनी दिलेला असेल तर पुष्कळ टिकतो. टवका उडाला तर घरी दुरुस्त होत नाही, एवढी त्याची अडचण. माहितीपत्रक या चौघांना रंग आणि किंमत यांप्रमाणे लावते. ते तापल्यावर मऊ होणारे आणि न होणारे असे लावले असते, तर ओळीत सगळे सांगून झाले असते.

शिवाय आपल्या स्वयंपाकघराचे दोन शत्रू या पुस्तिकांना ठाऊकच नसावेत. एक फोडणी. तडतडणाऱ्या तेलाचे बारीक थेंब हवेतून दारांवर बसतात. तेलातील असंतृप्त आम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचा चिकट थर बनतो. जवसाच्या तेलाचा रंग वाळतो त्याच जातीची ही क्रिया. हा थर साध्या पाण्याने निघत नाही, म्हणून धुण्याचा सोडा येतो, मग तारेची घासणी येते, आणि दाराची चकाकी तेलाने नव्हे तर सफाईने जाते. म्हणून अगदी चकचकीतही नको आणि खोल खाचांचा खडबडीतही नको. बारीक, मंद पोताचा सनमायका बरा. दुसरी हळद. तिचे रंगद्रव्य तेलात सहज मिसळते, साबण लागला की लाल होते आणि उन्हात फिके पडते. घट्ट जाळ्याच्या मेलामाइनमध्ये ते फार आत शिरत नाही. शुभ्र पांढऱ्या दारांचे मोह आवरता येत नसतील त्यांनी निदान एवढे पाहावे.

धातूंबद्दल थोडक्यात. स्टेनलेस स्टीलची दारे किंवा ट्रॉल्या घेताना चुंबक लावून पाहण्याची प्रथा आहे. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत महाग निकेलचा काही भाग कमी करून मँगनीज घातलेले असते. चुंबकाला दोन्हीही जवळजवळ चिकटत नाहीत. खाऱ्या हवेत गंज मात्र दुसऱ्याला लवकर धरतो. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या घरांत हा फरक पैशांत मोजावा लागतो आणि चुंबक त्याबद्दल काहीच सांगत नाही.

‘आजीवन हमी’बद्दलही लिहायला हवे. बारीक अक्षरे वाचली की ती बहुधा फळीपुरती असते. मजुरी, सनमायका, कड, बिजागरी तिच्यात येत नाहीत. म्हणजे जे बिघडत नाही त्याची हमी. स्क्रू पकडण्याची ताकद हा तर दाराचा रोजचा प्रश्न. दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या दाराचे वजन दोन बिजागऱ्यांच्या चार स्क्रूंवर असते आणि पार्टिकल बोर्डात एकदा सैल झालेला स्क्रू पुन्हा नीट बसत नाही. बिजागरीसाठी पाडलेल्या गोल भोकाच्या आतल्या भिंती उघड्याच राहतात. तिथे रंगाचा किंवा पाणी न लागणाऱ्या सरसाचा एक हात द्यायला सुताराला दारामागे दोन मिनिटे लागतात. आधी सांगितले तर तो आनंदाने देतो.

आमच्या मते साधारण घराला उकळत्या पाण्याच्या प्रतीची प्लाय, दोन्ही बाजूंना सनमायका, पाणी सोसणारा सरस आणि चारही कडा बंद, इतके पुरेसे आहे. आयात रंगछटांवरचा खर्च त्यानंतरचा. सिंकखालचा कप्पा मात्र वेगळा धरावा. तिथे पाइपाचा सांधा केव्हा तरी गळणारच. तिथले दार ॲल्युमिनियमच्या चौकटीचे, जाळीचे असावे, किंवा नसले तरी चालेल. कडाप्पाच्या उघड्या कप्प्यात बादली आणि पोछा ठेवणाऱ्यांचे काही बिघडलेले नाही. आणि दुकानात गेल्यावर भिंतीवरच्या नमुन्याऐवजी तयार दाराचा, मधोमध कापलेला तुकडा मागावा: पुढची बाजू, मागची बाजू, खालची कड आणि बिजागरीचे भोक एकदम दिसेल असा. तो घरी आणून रात्रभर पाण्यात ठेवायचा आहे, हेही दुकानदाराला तेव्हाच सांगून टाकावे.